कूलरमधलं पोळं आणि माझा जमाखर्च



श्रावण संपत आला होता, पर्युषण चार दिवसांवर आलं होतं आणि मी मागची खोली आवरायला घेतली होती. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आमचा जुना कूलर आहे. पाऊस लागल्यापासून तो बंदच होता. खिडकी उघडली तर आतून मोटार चालू असल्यासारखा आवाज आला. वायर तर केव्हाचीच काढलेली. ताटीच्या फटीतून पाहिलं आणि पाय तिथेच थिजले. आत कोहळ्याएवढं मातकट पोळं होतं आणि त्यावर पिवळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाश्या ये-जा करत होत्या.

खिडकी लावली आणि देवघरात जाऊन बसले. समोर दोन माणसं दिसत होती. एक आमचा चार वर्षांचा नातू, तो याच खोलीत खेळतो. दुसरे आमचे हे. दोन वर्षांपूर्वी ह्यांना एकच गांधीलमाशी चावली होती. पंधरा मिनिटांत तोंड सुजलं, श्वास लागायला लागला, रात्र दवाखान्यात काढावी लागली. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

घरात लगेच दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, "आई, आत्ताच माणूस बोलावतो, औषध मारून टाकेल." सासूबाईंच्या वयाच्या आमच्या एक शेजारी म्हणाल्या, "पर्युषण तोंडावर आलंय, हात लावू नका. ज्याचं कर्म त्याच्यापाशी." मला दोन्ही पटलं नाही. का पटलं नाही, तेच आज लिहायचं आहे.

आधी माझी जुनी चूक सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मागच्या सज्जाखाली असंच पोळं झालं होतं. तेव्हा अंगणातली कामं करायला एक भाऊ यायचा. मी त्याला म्हटलं, "तुम्ही बघा काय ते, मला सांगू नका." आणि मी सामायिकाला बसले. त्याने रात्री काठीला चिंधी गुंडाळली, राकेलमध्ये भिजवली, पेटवली आणि शिडीवर चढला. अंगावर साधा सदरा, डोक्याला गमछा. पोळं जळलं खरं, पण त्याला बारा-तेरा ठिकाणी चावे बसले आणि तो शिडीवरून खाली आला. हात मोडला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, दोन महिन्यांची मजुरीही दिली. त्याने कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र आजही त्याच्याकडे बघताना मान वर करवत नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकला म्हणून तो झालाच नाही असं होत नाही, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकले होते. धर्मातही हेच सांगितलेलं आहे. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतात निरपराध त्रस जीवाला जाणूनबुजून मारणार नाही, एवढंच नाही. मारवणारही नाही, हेही त्यातच येतं. इरियावहियं म्हणताना आपण एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्यांची क्षमा मागतो. गांधीलमाशी त्यात चतुरिंद्रिय. आणि शिडीवर चढवलेला माणूस? तो पंचेंद्रिय. मी चतुरिंद्रिय मारवले आणि पंचेंद्रियाला पाडलं, आणि वर माळ हातात धरून बसले. त्या दिवशीची माझी अहिंसा म्हणजे नुसतं डोळे मिटून घेणं होतं.

आपल्या घरांमध्ये हे फार चालतं. झुरळाचं औषध बाईला मारायला सांगायचं, उंदराचा पिंजरा नोकराला न्यायला सांगायचा आणि "आम्ही जीव मारत नाही" म्हणायचं. राग मानू नका, मी स्वतः तेच केलं आहे म्हणून लिहिते.

आता शेजारच्या काकूंचं म्हणणं. हात लावू नका, हे कधी कधी अगदी बरोबर असतं. ही माशी उगाच अंगावर येत नाही. ती माश्या आणि पिकावरच्या अळ्या धरून नेते, म्हणजे बागेला तिचा उपयोगच आहे. लाकडाचा तंतू चावून, त्यात लाळ कालवून ती कागदासारखं पोळं बांधते. साधारणपणे एकटी राणी सुरुवात करते, पुढे पावसाळ्यात कुटुंब वाढत जातं आणि थंडी पडली की बहुतेक पोळी ओस पडतात. म्हणून पोळं उंच झाडावर असेल, वापरात नसलेल्या भिंतीला असेल, तर खिडकी लावा, त्या बाजूचा रात्रीचा दिवा बंद ठेवा, पोरांना सांगा आणि मार्गशीर्षापर्यंत धीर धरा. त्यात कसला खर्च नाही की पाप नाही.

पण आमचं पोळं खिडकीपासून हातभर अंतरावर होतं. मधमाशीच्या नांगीला काटे असतात, ती एकदा चावली की नांगी आपल्या अंगात सोडून मरते. गांधीलमाशीचं तसं नाही, ती पुन्हा पुन्हा चावू शकते. ह्यांच्या जिवाला धोका आहे हे माहीत असून मी "कर्म" म्हणून गप्प बसले असते, तर तीही हिंसाच झाली असती. गृहस्थाला विरोधी हिंसेची सूट दिली आहे ती अशाच वेळेसाठी. पण सूट मिळाली तरी नोंद आपल्याच नावावर होते.

हे मनात घोळत असताना मला मेंढा (लेखा) आठवलं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातूनच १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, त्यामुळे तिकडच्या गोष्टी आम्हाला घरच्याच वाटतात. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. २००९ साली देशात सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचं नाव आलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते सगळीकडे माहीत झालं. तिथे गावकऱ्यांचे अभ्यासगट असत, बसून एकेका प्रश्नाचा विचार करायचा. त्यातच मधाचा विषय निघाला. जुन्या पद्धतीत आग्या मोहोळाला रात्री जाळ लावायचा, माश्या जळायच्या, अंडी-पिल्लांसकट पोळं पिळायचं. वर्ध्याचे डॉ. गोपाल पालीवाल यांच्यासारखे जाणकार सोबत आले आणि पद्धत बदलली. अंगभर संरक्षक कपडे घालायचे, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या जगतात, पोळं पुन्हा भरतं, झाडावर चढणारा माणूसही सुखरूप उतरतो.

आमच्या घरात मध येत नाही, येणारही नाही. तरीही त्या गावाने मला एक गोष्ट शिकवली. जंगलावर पोट असलेली माणसं एकत्र बसून विचार करतात की कमीत कमी जीव कसा जाईल, आणि त्यासाठी आपली पिढ्यांची सवय बदलतात. आणि आपण, ज्यांच्या घरात अहिंसा जन्मापासून आहे, राकेलची चिंधी शोधतो.

शेवटी मी काय केलं? मुलाला म्हटलं, माणूस बोलाव, पण त्याच्याशी मी बोलेन. ओळखीतून एक सर्पमित्र मुलगा मिळाला, त्याच्याकडे जाळीचा मुखवटा, जाड पोशाख, हातमोजे सगळं होतं. मी विचारलं, "दादा, न मारता होईल का?" तो खरं बोलला. "काकू, अंधार पडल्यावर सगळ्या आत आल्या की कूलरसकट पोत्यात बांधून गावाबाहेर नेतो. पण सगळ्या जगतील असं सांगत नाही. पिल्लं तर बहुधा जाणारच." मी दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हटलं, "न्या." हा शब्द मी माझ्या तोंडाने उच्चारला, कुणाला पुढे केलं नाही. खाली अंगणात उभी राहून तो नीट उतरेपर्यंत पाहत होते. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात त्या जिवांची नावानिशी क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या स्टँडकडे पाहताना खरी चूक लक्षात आली. ती श्रावणातली नव्हती, ज्येष्ठातली होती. पहिला पाऊस पडला तेव्हाच कूलरचं पाणी काढून, ताट्या झटकून, वर घट्ट कापड बांधलं असतं, तर राणीमाशीला आत जागाच मिळाली नसती. पाच मिनिटांचं काम. ते मी "उद्या करू" म्हणत तीन महिने ढकललं आणि एका कुटुंबाचा जीव त्यात गेला.

आपला धर्म याला यतना म्हणतो. पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडायची, धान्याला वेळेवर ऊन दाखवायचं, तुरीला एरंडेल लावायचं, दिव्यावर झाकण ठेवायचं, या सगळ्यामागे हाच विचार आहे. जीव पडू नये म्हणून आधी जपायचं, म्हणजे नंतर मारायची वेळ येत नाही. आपल्या आज्या हे न शिकता करत होत्या. आपण कूलर, एसीचा खोका, बंद एक्झॉस्ट पंखा, गच्चीवरची पाण्याची टाकी या नव्या वस्तू घरात आणल्या, पण त्यांची यतना शिकलो नाही. माझ्या मते अहिंसेची परीक्षा शिडीवर होत नाही, ती तीन महिने आधी केरसुणी हातात असताना होते.

म्हणून सांगते. चैत्रात एकदा आणि ज्येष्ठात एकदा घराला चक्कर मारा. सज्जाखालची भोकं बुजवा, बंद वस्तूंवर जाळी किंवा कापड बांधा. पोळं मोठं झालंच असेल तर दगड, पाणी, जाळ यांच्या वाटेला जाऊ नका आणि साध्या कपड्यातल्या माणसाला शिडीवर चढवू नका. कुणाला चावली आणि तोंड सुजलं, चक्कर आली, श्वास लागला किंवा एकाच वेळी खूप चावे बसले, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

यंदा नवीन कूलर आला आहे. त्याचं कापड मी आधीच शिवून ठेवलं आहे.

मिच्छामि दुक्कडम.