घरचं झालं थोडं…

रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे निघालेल्या माणसाला वाटेत कुमशेत भेटतं. कात्राबाईची खिंड उतरून आलेलं असतं, गुडघे कुरकुरत असतात आणि ओळखीच्या अंगणात मावशींनी चुलीवर पिठलं टाकलेलं असतं. जेवण होतं, हिशेब होतो, सॅक पाठीवर चढतात. मग आमच्यातला कोणीतरी सॅकला बाहेरून बांधलेली काळी पिशवी सोडतो आणि म्हणतो, "मावशी, एवढं टाकाल का?" पिशवीत दोन दिवसांचा कचरा असतो. मावशी म्हणतात, "ठेवा की तिथं." आम्ही हलक्या पाठीने आणि त्याहून हलक्या मनाने पाचनईची वाट धरतो.

असं मी किती वर्षं केलं, मोजलेलं नाही. गडावर कचरा फेकणाऱ्यांपेक्षा आपण बरे, असंच वाटायचं. गेल्या हिवाळ्यात मात्र हात धुवायला म्हणून घरामागे गेलो आणि ते 'टाकणं' म्हणजे काय असतं ते दिसलं. बांधाच्या कडेला गुडघाभर खड्डा. त्यात राख, राखेत चमकणारे वेफर्सच्या पुड्यांचे तुकडे, अर्धवट वितळून गोळा झालेल्या बाटल्या. शेजारी एक वासरू सूपचं पाकीट चाटत उभं. मावशींना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, "काय करायचं दादा? साठलं की लावायची काडी. पावसात पेटत नाही, मंग जातं वढ्याला."

या खोऱ्यातले ओढे मुळेला मिळतात आणि मुळा पुढे राहुरीजवळच्या धरणात जाते. म्हणजे आम्ही गडावरचा कचरा उचलून मावशींच्या परसात आणला, आणि तिथून पुढचं काम पावसावर सोपवलं.

ज्या घराचं शेण खतात जातं, राख भांड्यांना लागते आणि उष्टं गुरांच्या पाटीत पडतं, त्या घरात टाकून देण्याजोगं निघतं तरी किती? डोंगरातल्या अशा वाड्यांच्या दारात घंटागाडी येत नाही. तिथे दर शनिवार-रविवारी शहरातून पिशव्या येऊन पडतात. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! तेही घोडं एक वेळ परवडलं. ते चारा खाईल, पण लीद तरी देईल. आमची पिशवी तेवढंही देत नाही.

म्हणून आज मुद्दा एकच. 'कचरा खाली आणा' हे आपण एकमेकांना बरीच वर्षं सांगत आलो आणि ते पुष्कळांनी ऐकलंही. पण ते अर्धंच सांगणं होतं. कचरा घरी न्यायचा. जिथून तो पाठीवर चढवला, त्या शहरातल्या स्वतःच्या डब्यापर्यंत.

यावर पहिली हरकत वजनाची येते. वजनाचा हिशेब साधा आहे. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली किलोभराची असते. तीच रिकामी झाली की पंचवीस ग्रॅमच्या आसपास उरते. भरलेलं ओझं खिंडीपर्यंत चढवणाऱ्याला रिकामं ओझं उतरताना जड का व्हावं? मागच्या खेपेला आम्ही सहा जण तीन दिवस चाललो. परतल्यावर सगळ्यांचा कोरडा कचरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. पाव किलोच्या दोन पुड्यांइतकाही भरला नाही. कचरा जड नसतो, तो नकोसा असतो. वास येतो, चिकट असतो, आणि आपलं खाऊन झालेलं असतं. अडचण पाठीची नाही, मनाची आहे.

दुसरी हरकत : घरी नेऊन तरी काय होणार? बाटलीला थोडीफार किंमत असते, ती भंगारवाला घेतो. खरी पीडा चकचकीत वेष्टनांची. बिस्किटं, वेफर्स, नूडल्स, सूप यांची वेष्टनं प्लॅस्टिकच्या आणि धातूच्या पातळ थरांची बनवलेली असतात. ते थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून कोणी वेचत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली. तिच्यात चमचे, स्ट्रॉ, पेले, ताटल्या आल्या. ही वेष्टनं मात्र सुटली. ती शहरात तरी कुठल्यातरी यंत्रणेच्या हाती पडतात. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या ताई दारात येऊन ओला-सुका वेगळा घेऊन जातात. यंत्रणा अपुरी आहे, मान्य. पण कुमशेतच्या खड्ड्यापेक्षा ती नक्कीच बरी. शिवाय ती आपल्या पैशांतून चालते, मावशींच्या काडीपेटीतून नाही.

तरी सर्वांत चांगलं वेष्टन तेच, जे डोंगरावर गेलंच नाही. ट्रेकचा कचरा गडावर होत नाही. निघायच्या आदल्या रात्री ओट्यावर होतो. आमच्याकडे आता शुक्रवारी रात्री कात्री निघते. बिस्किटांचे पुडे फोडून बिस्किटं चपट्या डब्यात उभी रचायची. चहाची पत्ती, साखर, दूधपावडर आणि चिमूटभर सुंठ एकाच बरणीत. खिचडीसाठी डाळ-तांदूळ कोरडेच भाजायचे, त्यात हळद, तिखट, मीठ, हिंग-जिऱ्याची फोडणी घालून पार निवू द्यायचे आणि एका जेवणाची एक कापडी पिशवी बांधायची. पिशवीवर पेनाने 'शनिवार रात्र', 'रविवार रात्र'. वर गेल्यावर फक्त पाणी आणि आच. उरलेल्या वेळेला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लाडू. यातलं काहीच नवीन नाही. आजीच्या शिदोरीचं फडकं घरी येऊन धुतलं जायचं आणि पुढच्या प्रवासाला पुन्हा निघायचं. आपण त्या फडक्याच्या जागी वेष्टन आणलं.

गडावर वाकून कचरा वेचलेल्या कोणालाही विचारा, सर्वांत जास्त काय सापडतं. अख्खा पुडा सहसा डोळ्यांत भरतो आणि उचलला जातो. राहतो तो दातांनी तोडलेला त्रिकोणी कोपरा. मसाल्याच्या पुडीचा, शॅम्पूच्या पुडीचा, गोळीच्या कागदाचा. नखाएवढा असतो, गवतात शिरतो आणि तिथेच राहतो. पुडी न्यावीच लागली तर कोपरा पूर्ण तोडू नका. एका बाजूला लटकता ठेवा. एवढ्याशा सवयीने गडावरचं निम्मं वेचणं वाचेल.

पिशवीचाही एक नियम आम्ही ठोकरा खाऊन शिकलो. गटाची एक पिशवी ठेवायची नाही. गटाची पिशवी कोणाचीच नसते. ती पहिल्या दिवशी उत्साही पोराच्या पाठीवर असते आणि तिसऱ्या दिवशी मावशींच्या अंगणात. ज्याचा कचरा त्याची पिशवी. आट्याची जाड रिकामी पिशवी उत्तम, तोंड गुंडाळून रबर लावायचं. ती सॅकच्या आत ठेवायची. बाहेर बांधली की करवंदीच्या जाळीत फाटते, मग आपण पुढे आणि कचरा मागे. ओलं-चिकट असेल त्याला रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची बरणी.

जाळून टाकू म्हणणारे अजून भेटतात. शेकोटीत वेष्टन पूर्ण जळत नाही. प्लॅस्टिकचा विषारी धूर आपल्या छातीत जातो आणि धातूचा पापुद्रा राखेत उरतो. दिवाळीनंतर कारवी आणि गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी वणव्याला पुरते. सालींचंही तेच. 'कुजेल की' म्हणून फेकलेली संत्र्याची साल उघड्या कातळावर महिनोन्‌महिने पडून राहते. माकडं मात्र पहिल्याच दिवशी शिकतात, आणि मग पुढच्या माणसाची सॅक ओढतात.

आता जे सहसा छापत नाहीत, तेही सांगायला हवं. सकाळचा विधी पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा करून, वर माती लोटून. हरिश्चंद्रगडासारख्या कातळाच्या गडावर माती शोधावी लागते. ती शोधा, कारण पावसाचं पाणी सगळंच वाहून खाली नेतं आणि टाक्यातलं पाणी आपल्यानंतर येणारे पिणार असतात. ओले रुमाल कागदाचे वाटतात, पण बहुतेकांत प्लॅस्टिकचा धागा असतो. ते पुरायचे नाहीत. सॅनिटरी पॅडही पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून दुहेरी पिशवीत ठेवायचे, आत चमचाभर खाण्याचा सोडा टाकला की वास दबतो. निघण्याआधीच्या बैठकीत लीडरने हे स्पष्ट शब्दांत सांगावं. लाजून गप्प बसलं की पॅड कपारीत सापडतात.

हे सगळं सवयीवर सोडून भागेल का? पूर्ण भागणार नाही. सिक्कीममध्ये गोएचा लाच्या वाटेवर युकसोम गावी १९९६ पासून गावकऱ्यांची कांचनजंगा कॉन्झर्व्हेशन कमिटी काम करते. तिथे नाक्यावर वर नेत असलेल्या सामानाची नोंद होते आणि परतताना त्या यादीवरून कचरा ताडून पाहतात. नेपाळने २०१४ मध्ये एव्हरेस्टवीरांना प्रत्येकी ८ किलो कचरा खाली आणण्याचा नियम घातला. आणि जिथे वेळेवर काही झालं नाही तिथे काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवरच्या, म्हणजे हिमालयातल्या उंच कुरणांवरच्या, रात्रीच्या मुक्कामांना बंदी केली. अशाच कुरणांवरून जाणाऱ्या रूपकुंडच्या वाटेचं स्वप्न पाहणाऱ्या कित्येक मराठी पोरांना मग दुसरी वाट शोधावी लागली.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. आत शिरताना नाक्यावर पावती फाडतातच. त्याच पावतीच्या मागे पाच ओळी छापा : बाटल्या इतक्या, पुडे इतके, गॅसचे डबे इतके. थोडी अनामत घ्या आणि उतरताना यादी जुळली की परत द्या. परत न गेलेली अनामत गावाच्या समितीला. याला ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. फक्त एक अट : तपासून झालेला कचरा नाक्यावर ठेवून घ्यायचा नाही. यादी जुळली, पैसे मिळाले, आता पिशवी उचला आणि घरी न्या. ही अट नसेल तर आपण मावशींच्या खड्ड्याशेजारी नाक्याचा आणखी एक खड्डा खणू.

गडस्वच्छतेच्या मोहिमांनाही हेच लागू आहे. शंभर पोती भरून पायथ्याशी रचून फोटो काढणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो : टेम्पो ठरवला आहे का? ठरवला नसेल तर मोहीम अर्धवट राहिली. कुत्री आणि पाऊस ती पोती पुढच्या आठवड्यात उघडतात.

पुढच्या शनिवारी निघणार असाल, तर शुक्रवारी रात्री कात्री हाताशी ठेवा. मावशींच्या हातचं पिठलं-भाकरी पोटभर खा, ठरलेल्यापेक्षा चार पैसे जास्त द्या, भांडी विसळू लागा. निघताना मावशी सवयीने म्हणतील, "ठेवा की तिथं पिशवी." तेव्हा नको म्हणा.