गंगाधरपंतांचे पानिपत: कल्पनेला घातलेली अट

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आद्याक्षरे उलट वाचावीत: ज. वि. ना. नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून जयंत विष्णू नारळीकरांनी टोपणनाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतली.

विज्ञानकथेविषयी नारळीकरांची अट साधी होती. कथेतून विज्ञान काढून घेतले तर कथा उभीच राहता कामा नये. त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) ही कादंबरी त्यांना म्हणूनच आदर्श वाटे.

याच कसोटीवर चित्रपट घासून पाहावेत. ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) कृष्णविवराजवळच्या ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांइतका ठरतो, तो भाग शंभर नंबरी. शेवटी प्रेमाच्या बळावर गाठी सुटू लागतात, तिथे मात्र सोने पातळ होते. ज्यात अंतराळयान काढून घोडा ठेवला तरी काही बिघडत नाही, अशा चित्रपटांविषयी न बोललेलेच बरे.

इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचलीच पाहिजे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे जिंकलेले असतात. बदल किती? विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून जाते. बस्स, एवढाच. पुरावा म्हणून बखरीचे फाटके पान, आणि उलगड्यासाठी पुंजसिद्धान्त.

‘जर-तर’ला इतिहासात स्थान नाही, हे वाक्य आपल्याकडे फार सैल वापरले जाते. विश्वासरावांच्या मृत्यूने लढाईचे पारडे फिरले, असे जो इतिहासकार लिहितो, तो ‘ते पडले नसते तर’ हे गृहीत धरूनच लिहितो. नारळीकरांनी ते गृहीतक उघड्यावर आणले, आणि एकाच गोष्टीला हात लावून बाकीचे जग जसेच्या तसे ठेवले. हवे तिथे हवे ते बदलणाऱ्या ऐतिहासिक चित्रपटांपेक्षा ही शिस्त कितीतरी कडक आहे.

आक्षेप घ्यायचा तर तो वेगळा घ्यावा. दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती हे खरे. पण सैन्य उपाशी होते, रसद तुटलेली होती, छावणीत बुणगे आणि यात्रेकरू होते. गोळी चुकवता येते, भूक कशी चुकवणार? कथा या प्रश्नाला पुरेशी भिडत नाही.

आणखी एक प्रश्न गोरेगाव-हिंगोलीच्या वाचकांच्या वाट्याचा. पानिपतची मोहीम मराठवाड्यातूनच निघाली: फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव, मग परतूरचा मुक्काम, आणि तिथून भाऊसाहेब उत्तरेकडे. पुढे हा मुलूख निजामाकडेच राहिला, थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. ती गोळी चुकली असती, तर उदगीरला मिळवलेले किती टिकले असते? गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या जगाच्या नकाशात हिंगोली कोणत्या रंगात असेल, हे कोणीतरी साधनांच्या आधारे लिहून पाहावे.