विरोधकांविना विधानसभा

राजधानीच्या राजकीय वर्तुळात सिक्कीमची आठवण सहसा दोनच प्रसंगी निघते: तिस्तेला पूर आला की, किंवा चीनच्या सीमेवर हालचाल झाली की. लोकसभेत एक आणि राज्यसभेत एक एवढेच ज्याचे बळ, त्या राज्याच्या कारभारात डोकावण्याची सवड दिल्लीला नसते. मात्र मोठ्या राज्यांवर नजर ठेवून केलेले नियम छोट्या राज्यात कसे उलटतात, हे पाहायचे असेल तर गंगटोककडेच पाहावे लागेल.

१९७५ मध्ये जनमत चाचणीनंतर सिक्कीम भारताचे बाविसावे राज्य झाले. त्या वेळी घटनेत आलेल्या कलम ३७१ एफने या राज्याला वेगळी चौकट दिली. विधानसभेच्या ३२ जागांपैकी १२ भुतिया-लेपचा समाजासाठी राखीव आहेत, तर एक जागा बौद्ध मठांच्या संघासाठी आहे. तिला भौगोलिक मतदारसंघ नाही. मठांतील नोंदणीकृत भिक्षू आणि भिक्षुणीच तिचे मतदार. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये बहुमताने ही व्यवस्था वैध ठरवली. समाजासमाजांत तोल राखण्याची ही तरतूद झाली. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात तोल राहावा, यासाठी मात्र वेगळा विचार कोणी केला नाही.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. १९७४ मध्ये काझी लेंडुप दोरजी यांच्या पक्षाने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या. १९८९ मध्ये नरबहादूर भंडारी यांनी आणि २००९ मध्ये पवनकुमार चामलिंग यांनी सर्वच्या सर्व ३२ जिंकल्या. २०२४ मध्ये प्रेमसिंग तमांग यांच्या सिक्कीम क्रांतिकारी मोर्चाला ३१ जागा मिळाल्या. चामलिंग यांच्या पक्षाला चौथ्या हिश्श्याहून अधिक मते पडूनही आमदार एकच मिळाला आणि तोही लवकरच मोर्चात दाखल झाला.

याला केवळ नेत्यांची लोकप्रियता कारणीभूत नाही. एका मतदारसंघात सरासरी पंधरा हजारांच्या आसपास मतदार असतात. नोकरी, कंत्राट, घरकुल यांसाठी सरकार हाच मोठा आधार असतो आणि कोण कोणाच्या सभेला गेला हे गावभर ठाऊक असते. अशा ठिकाणी विरोधात राहण्याची किंमत थेट घरात मोजावी लागते.

त्यात भर पडली २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीची. मंत्रिमंडळ सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपुरते असावे, हा तिचा हेतू. पण राज्यात किमान बारा मंत्री असावेत, अशी सवलत छोट्या राज्यांसाठी ठेवली गेली. ३२ चे पंधरा टक्के पाचही होत नाहीत. सिक्कीममध्ये बारा मंत्री होतात, म्हणजे प्रत्येक आठ आमदारांमागे तीन. याच दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीची मुभा काढून टाकली, परंतु दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मोकळीच राहिली. मोठ्या सभागृहात ही अट डोंगराएवढी असते, छोट्यात ती दहा जणांची बैठक असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चामलिंग यांच्या तेरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. त्या निवडणुकीत भाजपचा एकही उमेदवार निवडून आलेला नव्हता! गोव्याच्या वाचकांना हे नवे नाही. तेथेही २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आणि २०२२ मध्ये अकरापैकी आठ आमदार याच वाटेने गेले.

सभागृहात विरोधकच नसेल तर लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी सदस्याकडे देण्याचा संकेत पाळायचा कोणी? मग अंकुश सभागृहाबाहेर शोधावा लागतो. उच्च न्यायालय आहे. पण ते देशातील सर्वांत लहान, मंजूर न्यायाधीश तीन. गोव्याच्या पाठीशी मुंबई उच्च न्यायालयाचा विस्तार आहे, सिक्कीमच्या पाठीशी तसे काही नाही. २०२१ मध्ये चार जिल्ह्यांचे सहा झाले. कार्यालये वाढली, अंकुश वाढला असे नव्हे.

खरा आधार खालच्या पातळीवर आहे. लाचेन आणि लाचुंग या उत्तरेकडील गावांत ‘झुम्सा’ ही पारंपरिक ग्रामसभा आजही चालते. गावकरी आपला ‘पिपोन’ निवडतात. तो गावसभेसह चराईच्या तारखा ठरवतो, तंटे मिटवतो. राज्याच्या पंचायत कायद्यानेही झुम्साला मान्यता दिली आहे. ग्रामपंचायती आणि २०१० मध्ये आलेली गंगटोक महापालिका यांना निधी आणि अधिकार मिळाले, तर गंगटोकच्या सचिवालयाबाहेरही प्रश्न विचारणारे कोणी उरेल.

विलीनीकरणाची तरतूद छोट्या विधानसभांपुरती तरी रद्द करणे, हा दिल्लीच्या हातातला उपाय. तो होईल, असे मानण्यास तूर्त जागा नाही. कारण या वाटेचा लाभ ज्याला कधीच झाला नाही, असा मोठा पक्ष सापडणे कठीण. तोवर सिक्कीमच्या सभागृहात प्रश्नही सत्तापक्षाचे आणि उत्तरेही सत्तापक्षाचीच.