आधी खडू, मग हातोडा

दिवाळी जवळ आली की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. एरवी मालक एकटा ऑफिसला जातो तेव्हा गाडी ठीक चालते. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन गावाकडे निघाला की पहिल्याच स्पीड ब्रेकरवर मागून ‘खर्र’ असा आवाज येतो. स्प्रिंग बदलून खाली केलेल्या गाड्यांचे हे नेहमीचे दुखणे आहे आणि त्यावरचा इलाजही नेहमीचाच: टायर मडगार्डला लागतो ना, मग मडगार्डची कड ठोकून आत दुमडा. पण टायर नेमका कुठे लागतो हे पाहण्याआधीच हातोडा उचलला जातो.

टायर घासण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचे कारण वेगळे असते. स्टेअरिंग पूर्ण मारल्यावर पुढचा टायर लायनरला लागतो. वजन पडले की मागचा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागतो. रिम रुंद असेल तर टायरची आतली बाजू शॉकॉपला घासते, आणि हे सर्वांत वाईट. टायरची बाजू हा त्याचा सगळ्यात पातळ भाग. तिथे पडलेल्या कापाला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही.

शोधायला महागडे यंत्र लागत नाही. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि लायनरला ओला खडू फासावा, मागे तीन माणसे बसवावीत, ओळखीच्या ब्रेकरवरून हळू एक फेरी मारावी. जिथला खडू पुसला गेला तिथेच टायर लागतो. याहून पक्की खात्री हवी असेल तर गाडी स्टँडवर घेऊन स्प्रिंग काढावी, शॉकॉप स्टॉपरसकट परत बसवावा आणि जॅकने चाक स्टॉपर दबेपर्यंत वर उचलावे. पुढचे चाक असेल तर त्याच स्थितीत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. खड्ड्यात चाक जिथवर जाऊ शकते ते सगळे डोळ्यांसमोर येते.

पुष्कळदा दोष स्प्रिंगपेक्षा रिममध्ये सापडतो. समजा, मूळ रिम ६ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटची होती. मालकाने ७ इंची, ३५ ऑफसेटची आणली. रुंदीमुळे प्रत्येक बाजूला १२.७ मिमी वाढले, ऑफसेटमुळे सगळे चाक आणखी १० मिमी बाहेर आले. म्हणजे बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी पुढे सरकली, आतली मात्र जेमतेम पावणेतीन. त्यावर स्पेसर घातला तर विचारायलाच नको. टायरचेही असेच आहे. १८५/६० आर१५ चा व्यास ६०३ मिमी. त्याजागी १९५/५० आर१६ घातला तर ६०१ मिमी, म्हणजे जवळपास तेवढाच. २०५/५० आर१६ मात्र ६११ मिमी होतो. योग्य मापाचा टायर घातला तर सहसा पत्र्याला हात लावायची वेळच येत नाही.

माप बरोबर असूनही घासत असेल तर चाक वर किती जाते ते आवरावे लागते. गाडी ४० मिमी खाली केली की चाकाला वर जायला तेवढीच जागा कमी उरते. शॉकॉप थकलेला असेल तर तो आधी बदलावा, मग योग्य उंचीचा स्टॉपर घालावा. स्टॉपर फार उंच घातला तर गाडी दर खड्ड्याला त्याच्यावरच आपटते, हे ग्राहकाला आधी सांगावे.

ग्राइंडरने स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली करण्याचे काम कोणत्याही गॅरेजने घेऊ नये, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग जागेवरून हलू शकते. घाटातल्या वळणावर त्याची किंमत गाडीतल्या माणसांना मोजावी लागते.

कड दुमडणे हा शेवटचा उपाय. तो करायचाच तर हबला लावायचा रोलर वापरावा, हीट गनने रंग तापवून मऊ करावा आणि थोडे थोडे दाबत न्यावे. थंड पत्र्यावर जोर लावला की रंगाला चीर पडते, आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. म्हणून दुमडलेल्या जागी सीलंट आणि गंजरोधक थर हवाच.

कॅम्बर वाढवून टायर आत झुकवण्याची पद्धतही आहे. त्याने आतली कड लवकर झिजते. टो बिघडलेला असेल तर झीज आणखी वाढते.

कायद्याची बाजूही झाकून ठेवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. गाडी खाली करून मागणाऱ्या ग्राहकाला काम सुरू होण्याआधी हे कळले पाहिजे.

यापुढे अशा प्रत्येक गाडीच्या जॉब कार्डवर चार नोंदी असाव्यात: हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे चारही चाकांचे अंतर, रिमची रुंदी व ऑफसेट, टायरचे माप आणि खडू कुठे पुसला गेला ती जागा. नवी स्प्रिंग काही दिवसांत थोडी बसते. म्हणून ५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलवावी, तेच अंतर पुन्हा मोजावे आणि अलाइनमेंट पुन्हा तपासावे.