पीडीओ बदलून जातो, वॉटरमन राहतो, शिकवायचं कुणाला?

ग्रामपंचायत निवडणुकीचा विषय निघाला की गावात उमेदवारांची नावं सुरू होतात. पंचायत रोज चालवणाऱ्या नोकरांचं नाव कुणी काढत नाही. बेळगाव, खानापूर भागातल्या कुठल्याही पंचायतीत जाऊन बघा. सदस्यांची मुदत पाच वर्षांची, पीडीओ बदलीचा माणूस. वर्षानुवर्षं तिथंच राहतात ते वॉटरमन, बिल कलेक्टर, डाटा एंट्री ऑपरेटर आणि शिपाई. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी सोडायचा, कुणाचं घर अजून मयत आजोबांच्या नावावर आहे, हे सगळं त्यांच्याच डोक्यात. वहीत काहीच नाही.

कर्नाटकात पंचायतीच्या प्रशिक्षणाची सोय नाही असं नव्हे. म्हैसूरला अब्दुल नझीरसाब यांच्या नावाची मोठी संस्था आहे. पण भर सगळा अध्यक्ष, सदस्य, पीडीओ आणि सचिवांवर. गंमत अशी, की हे नझीरसाब 1980 च्या दशकात पंचायत राज मंत्री होते आणि गावोगावी बोअर मारल्यामुळं लोक त्यांना ‘नीरसाब’ म्हणायचे. त्यांच्या नावाच्या व्यवस्थेत पाणी सोडणारा माणूसच शेवटच्या बाकावर!

हा काही मानापमानाचा प्रश्न नाही. पावसाळ्यात टाकीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची? साधा हिशेब, चांगल्या पावडरीची अडीच ग्रॅम हजार लिटरला. म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला 125 ग्रॅम. त्यानंतर किमान तासभर पाणी सोडायचं नाही आणि नळाला लिटरमागं निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. पोतं उघडं राहिलं तर पावडरीचा जोर जातो, मग हा हिशेबही चुकतो. हे वॉटरमनला कुणी उभं राहून दाखवलंय का? बहुतेक ठिकाणी तो आधीच्या वॉटरमनकडून ‘दोन मुठी टाक’ एवढंच शिकलेला असतो. जुलाबाची साथ आली की नोटीस मात्र त्यालाच.

दुसरी अडचण भाषेची. ई-स्वत्तू, पंचतंत्र, सगळी परिपत्रकं कन्नडमध्ये. समोर उभी असलेली आजी मराठी. फॉर्म 9 आणि फॉर्म 11-ब यात फरक काय, दुसऱ्यावर कर्ज द्यायला बँका खळखळ का करतात, हे तिला काऊंटरवरचा बिल कलेक्टरच सांगणार. त्याला स्वतःला नीट कळलं नसेल तर आजी तीन हेलपाटे घालते आणि शेवटी एजंटाला पैसे देते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राचं धोरण 1956 पासूनचं. त्यावर आपण मोर्चे काढतो, काढायलाही हवेत. पण काऊंटरवरच्या माणसाला दोन्ही भाषांत नियम समजावून देणं हे मोर्चाविना होणारं काम आहे, आणि त्यात कन्नडचं काही कमी होत नाही.

बिल कलेक्टरला ग्रेड-2 सचिव होण्याची वाट कागदावर आहे. तिथवर पोचायला संगणक, हिशेब आणि कन्नड लेखन लागतं. वसुलीच्या मागं पळणाऱ्याला ते शिकायला वेळ कोण देतो? पीडीओनं महिन्याला एक दुपार मोकळी दिली तरी सुरुवात होईल, आणि बदलीच्या वेळी चार्ज देताना फायलींसोबत ही माहितीही लिहून ठेवली तर पुढच्याला पहिल्यापासून विचारत बसावं लागणार नाही.

येत्या ग्रामसभेत गटारीबरोबर एवढंही विचारा: आपल्या वॉटरमनचं शेवटचं ट्रेनिंग कधी झालं, आणि ते कुठल्या भाषेत होतं?