आरंभीची शिल्लक



गेले आठ महिने या जागी माझे सदर तुम्हांला दिसले नाही. खडकी बाजारात भाजी घेताना एका ताईंनी विचारलेच, "काय भाऊ, लिहायचं सोडलं का?" मी हसून वेळ मारून नेली. खरे कारण असे की, आजी अंथरुणाला खिळली. रात्री तिच्या उशाशी, दिवसा कचेरीत. मग ती गेली. जलदान विधी झाला, पाहुणे परतले आणि वेळ असूनही हात वहीकडे जाईना. संपादकांना "पुढच्या आठवड्यात नक्की देतो" असे किती वेळा सांगितले, त्याचा हिशेब बी.कॉम. झालेल्या माणसालाही लागणार नाही.

शेवटी एका रविवारी नेटाने बसलो. पहिले वाक्य उतरले ते असे : "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की..." सौ.ने वाचले आणि पोट धरून हसली. आठ महिने फक्त कचेरीची पत्रे लिहिली, हात त्याच वळणाला गेला. हाताचा तरी काय दोष! कागद फाडला नाही. त्याच्याच खाली लिहीत गेलो. सहा ओळी झाल्या, त्यांतल्या पाच टाकाऊ होत्या.

त्या दिवशी बेबीताई कांबळे यांची फार आठवण झाली. फलटणला त्यांचे छोटेसे दुकान. पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद त्या वाचीत आणि गिऱ्हाईक नसले की दुकानातच बसून लिहीत. घरात नवऱ्याला, मुलाला कळू नये म्हणून लिहिलेले दडवून ठेवीत. एक-दोन नव्हे, वीसेक वर्षे! 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली. त्यांना कोणी टेबल दिले नव्हते की सुट्टी. मला दोन्ही आहे, शिवाय चहा करून देणारी बायको आहे. (हे वाचून ती म्हणेल, उद्यापासून चहा तुम्हीच करा. बरोबरच आहे.)

बाबासाहेबांच्या पत्रांनाही खंड पडलाच होता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याच वर्षी ते शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. पुढे 'बहिष्कृत भारत' निघाले ३ एप्रिल १९२७ रोजी. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. हाताशी पैसा नाही, लिहिणारे नाहीत. चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत. १९२९ मध्ये तेही थांबले, तर १९३० मध्ये 'जनता' उभी राहिली. माझा रकाना एकच, आणि त्याचे केवढे रडगाणे!

आता पहाटे नळाला पाणी येण्याआधीचा अर्धा तास माझा. मोबाईल आतल्या खोलीत. काही सुचले नाही तर कालचे पान पुन्हा उतरवून काढतो. एखाद्या दिवशी जमले नाही, तर ती बाकी पुढच्या दिवसावर ओढत नाही. थकबाकीची वसुली लावली, की वही उघडायचीच भीती वाटते. हे थकबाकीचीच खाती सांभाळणारा कारकून सांगतो आहे.

लिहायचे होते ते आजीचेच. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा आजी तिथे होती. एकोणीस वर्षांची, कडेवर माझी आत्या. ती सांगायची, मी वहीत टिपायचो. एका पानावर आहे : खडकीहून गाडीने गेलो. चार पाने पुढे : पायी गेलो, वाटेत बसून भाकरी खाल्ली. दोन्ही तिचेच शब्द. सावकाश विचारून घेऊ, म्हणून मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले. नंतर तिची वाचा गेली. वही न उघडण्याचे खरे कारण ते प्रश्नचिन्ह होते, हे आता कबूल करतो.

पुढच्या अंकापासून तिची हकिकत देतो आहे. गाडीची आणि पायवाटेची, दोन्ही देईन. तुमच्या घरात त्या दिवशी खडकी-दापोडीकडून देहूरोडला गेलेले कोणी असेल, तर ते कसे गेले होते तेवढे विचारा आणि दोन ओळींची चिठ्ठी संपादकांकडे पाठवा.