बुडालेली नगरी आणि लोणारचा दाखला

समुद्राच्या तळाशी नऊ हजार वर्षांपूर्वीची आपली नगरी बुडालेली आहे, असे कोणी सभेत छातीठोकपणे सांगू लागला, तर त्यास एकच प्रश्न विचारा : पुरावा कोठे आहे?

पुरावा कशास म्हणावे, हे शिकण्यास बुलढाणा जिल्ह्यातील माणसाने दूर जावयास नको. लोणासुर दैत्य जमिनीखाली राहत होता, विष्णूने त्याचा वध केला आणि त्याचे बीळ म्हणजेच लोणारचे सरोवर, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दैत्यसूदनाचे देऊळही उभे राहिले. परंतु १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने काय दाखविले? आघाताच्या प्रचंड दाबानेच बनणारी काच तेथील काळ्या पाषाणात सापडली. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा उल्केने पाडला. देऊळ खरे, सरोवर खरे. दैत्य मात्र सापडला नाही!

हीच कसोटी बुडालेल्या नगरीस लावा. २००१ साली तत्कालीन केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी खंबातच्या आखातात प्राचीन वसाहत सापडल्याचे जाहीर केले. आधार कोणता? ध्वनिलहरींनी टिपलेल्या चौकोनी आकृती आणि समुद्रतळ खरवडून वर काढलेल्या वस्तू. त्यांत सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा लाकडाचा एक तुकडा. परंतु लाकडाचे वय म्हणजे नगरीचे वय नव्हे. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती ज्या आखातास मिळतात, तेथे लाकूड कोठूनही वाहत येईल. ते घराच्या जमिनीत, भिंतीलगत पुरलेले मिळाले असते, तर गोष्ट निराळी होती.

द्वारकेजवळच्या समुद्रात एस. आर. राव यांच्या पथकास घडीव चिरे व दगडी नांगर मिळाले. त्यांवरून तेथे गलबते येत असत एवढे सिद्ध होते. पुराणातील नगरी सिद्ध होत नाही.

उलट मोहेंजोदडो पाहा. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी तेथे उत्खनन सुरू केले. पुढे विटांची घरे, विहिरी, गटारे उघडी पडली. त्या नगरास कोणत्याही पुराणाची साक्ष लागली नाही.

हा वाद केवळ विद्वानांचा आहे असे समजू नका. ज्यांनी पुराणास इतिहास ठरविले, त्यांनीच त्याच पुराणाच्या बळावर कोणास देव, कोणास दैत्य व कोणास अस्पृश्य ठरविले. एक भाकडकथा निमूटपणे मान्य केली की दुसरी नाकारण्याचा आपला अधिकार दुबळा होतो. सबब आपल्या मुलांस लोणारच्या काठावर न्या, तेथील दगड दाखवा, आणि जो कोणी प्राचीन वैभव सांगेल त्याच्याकडे असाच दगड मागावयास शिकवा.